एका पेल्यापुरते चॉकलेट

रमजानचा स्वयंपाक मुळात मोठ्या भांड्यांचा. खिचडा शिजतो तो डेगेत, शीरखुर्मा ढवळला जातो तो खोल पातेल्यात, आणि इफ्तारची भजी तळायला घेतली की शेजारच्या दोन घरांच्या ताटल्या आपोआप हिशेबात धरल्या जातात. या महिन्यात ‘एका माणसापुरते’ असे माप सहसा कुणी काढत नाही. म्हणूनच ज्यांना ते काढावे लागते त्यांची पंचाईत होते.

अशी माणसे आता थोडीथोडकी राहिलेली नाहीत. मुलगा पुण्याला नोकरीत, मुलगी सासरी, नवऱ्याला जाऊन काही वर्षे झालेली, अशी एखादी आई प्रत्येक मोहल्ल्यात असते. वसतिगृहाच्या खोलीत पाणी गरम करायच्या किटलीवर सगळा संसार चालवणारा विद्यार्थी असतो. रात्रपाळीत पहाटे चारला वॉर्डाच्या कोपऱ्यात डबा उघडणारी परिचारिका असते. यांच्या सहरीचे, म्हणजे पहाट फुटण्यापूर्वीच्या जेवणाचे, हळूहळू एकच रूप होऊन बसते. दोन खजूर, ग्लासभर पाणी, जमलाच तर चहा. ‘अकेली जान के लिए क्या चूल्हा जलाना?’ हे वाक्य उर्दूत जितके ऐकू येते, तितकेच ‘एकट्या जिवासाठी कशाला एवढा खटाटोप?’ हे मराठीतही ऐकू येते. श्रावणात एकटीच उपवास धरणाऱ्या आजीच्या तोंडीही ते असतेच.

सहरी टाळू नये, तिच्यात बरकत आहे, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. अगदी पाण्याच्या घोटावर का होईना, ती करावी असेही सांगितले आहे. पण घोटभर पाणी ही अडल्यावेळची सवलत झाली. रोज पहाटे स्वतःसाठी काही गरम करून घेणे हे आळसामुळे सुटत नाही. आपल्या एकट्यासाठी केलेले काम म्हणजे कामच नव्हे, या समजुतीमुळे ते सुटते.

त्यातच रमजान आता थंडीकडे सरकतो आहे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे हा महिना दरवर्षी तेवढा अलीकडे येतो. दहा वर्षांपूर्वी रोजे जूनच्या उकाड्यात होते आणि इफ्तारला गुलाबाच्या सरबताचे जग पुरत नव्हते. आता ते फेब्रुवारीत आले आहेत, पुढे जानेवारीत जातील. २०३० साली तर जानेवारीत एक रमजान येईल आणि डिसेंबरच्या अखेरीस दुसरा सुरू होईल. म्हणजे पुढली काही वर्षे सहरीला अंगावर शाल असणार आहे. अशा पहाटे पेलाभर हॉट चॉकलेट हा चांगला बेत आहे. त्यात दूध आहे, बेताची गोडी आहे, ऊब आहे, आणि करायला दहा मिनिटे लागतात. तरुण मुले ते कॅफेत जाऊन दीड-दोनशे रुपयांना पितात. घरी ते कोको पावडरपासून करता येते, तेही एकाच माणसापुरते.

पाच जणांच्या कृतीला पाचाने भागले की एकाची कृती निघते, असा समज असतो. चहाच्या बाबतीत तो चालून जातो, कारण चहा रोजचा आहे आणि हात आपसूक सावरून घेतो. इथे तसे होत नाही. लिटरभर दुधात कोकोचा एक चमचा जास्त पडला तर कुणाच्या लक्षात येत नाही. पेलाभर दुधात तोच चमचा तोंड कडू करतो. मिठाचे तर विचारूच नये. मोठ्या पातेल्यात पेलाभर दूध ओतले की ते तळाशी पातळ पसरते, कडेने करपते आणि त्यातले दोन-चार घोट बघता बघता वाफेवर जातात. म्हणून पहिली निवड भांड्याची. घरातले चहाचे सर्वांत लहान पातेले, जे पेलाभर दुधाने निम्मे भरते, तेच घ्यावे. तळ जाड असला तर उत्तम.

माप असे. दूध २०० मिलिलिटर, म्हणजे स्टीलचा साधा पेला. कोको पावडर चहाच्या चमच्याने चार चमचे, वजनात सुमारे १० ग्रॅम. साखर तीन चमचे. चमचे सपाट, वरची रास सुरीने खाली पाडलेली. एका पेल्याच्या कृतीत शीग भरून घेतलेला चमचा सगळा बेत बिघडवतो. मीठ अर्धी चिमूट. ते खारटपणासाठी नाही, कोकोचा कडवटपणा मऊ करण्यासाठी आहे. पाव पेला पाणी. आणि मन झाले तर डार्क चॉकलेटच्या दोन छोट्या वड्या, साधारण १० ते १५ ग्रॅम.

कोको पावडर विकत घेताना मात्र डबा उलटून पाहावा. ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ आणि कोको पावडर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि ड्रिंकिंग चॉकलेटच्या बहुतेक डब्यांवर पहिले नाव साखरेचे असते, कोको त्यामागून येतो. घाईच्या माणसासाठी ती सोय आहे, तिला नावे ठेवायचे कारण नाही. पण मग गोडी किती असावी हे डबा ठरवतो. साध्या कोकोत साखर नसते, त्यामुळे तीन चमचे घ्यायचे, दोन घ्यायचे की एकही नाही, हे पिणाऱ्याच्या हातात राहते. चॉकलेटच्या वडीचेही असेच. वेष्टनावर ‘कंपाऊंड’ लिहिले असेल तर त्यात कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. कोको बटर साधारण शरीराच्या तापमानालाच वितळते, म्हणून खरे चॉकलेट जिभेवर विरघळते. कंपाऊंडचा मात्र पुष्कळदा मेणासारखा थर टाळूला लागून राहतो.

कोकोच्या बीत निम्म्याच्या आसपास चरबीच असते. ती दाबून काढण्याच्या यंत्राचे पेटंट अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन हाउटेन कुटुंबाने १८२८ साली घेतले आणि तेव्हापासून आजची कोरडी पावडर शक्य झाली. कोकोवर अल्कलीची प्रक्रिया करून त्याचा आंबटपणा घालवण्याची रीतही त्याच घराण्याची. अशी पावडर रंगाने गडद आणि चवीला सौम्य असते, दुधात लवकर मिसळते. प्रक्रिया न केलेली पावडर फिकट तांबूस आणि किंचित आंबट. पेयासाठी पहिली सोयीची; घरात दुसरी असली तरी काही बिघडत नाही, साखर पाव चमचा जास्त लागेल इतकेच. भारतात कोको पिकतो तो केरळ, आंध्र, तमिळनाडू आणि कर्नाटकात, बहुधा नारळी-पोफळीच्या सावलीत. फळातून काढलेल्या बिया आधी पाच-सात दिवस झाकून आंबवतात, मग वाळवतात, भाजतात, सोलतात आणि दळतात. त्यामुळे ‘अगदी मुळापासून’ चॉकलेट करायचे म्हटले तर सहरीची वेळ टळून जाईल. पावडरपासून सुरुवात करणे एवढी तडजोड पुरे.

आता कृती. या पेयाचे यशापयश दूध ओतण्याआधीच ठरते. कोकोची पावडर अतिशय बारीक असते आणि तिच्या कणांवर चरबीचा अंश असतो, म्हणून ती ओली व्हायला तयार नसते. गरम दुधात ती वरून टाकली की तरंगते, मग तिच्या गुठळ्या होतात: बाहेरून ओल्या, आत कोरड्या. कढीसाठी बेसन ताकात न कालवता सरळ उकळीत टाकले तर जे होते, अगदी तेच. तेव्हा आधी पातेल्यात कोको, साखर आणि मीठ कोरडेच नीट मिसळून घ्यावे. साखरेचे दाणे कोकोच्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवतात. मग त्यात पाव पेल्यातले दोन चमचे गरम पाणी घालून चमच्याच्या पाठीने पातेल्याच्या कडेला घोटावे. सुरुवातीला ते मातीच्या ढेकळांसारखे दिसते, आणि इथेच माणूस घाबरून सगळे पाणी ओततो. ओतू नये. अर्धा मिनिट घोटले की ते एकदम सैल पडते, चकाकी येते, गाडीच्या ग्रीससारखा गडद लेप तयार होतो. गुठळी राहिली असेल तर ती इथेच दिसते आणि इथेच मोडता येते.

मग उरलेले पाणी घालून पातेले मंद आचेवर ठेवावे आणि लेपाला एक मिनिटभर उकळी येऊ द्यावी. हा मिनिट अनेक जण वगळतात. कोकोत थोडा स्टार्च असतो, तो या उकळीत फुलतो आणि पेयाला अंग येते. वगळला तर पेल्याच्या तळाशी गाळ बसतो आणि वरचे घोट पाणचट लागतात. वासही याच मिनिटात सुटतो. स्वयंपाकघराचे दार उघडे असेल तर झोपलेले घर जागे करण्याची ताकद त्या वासात आहे. घरात दुसरे कुणी नसेल तर तो सगळा वास एकट्याचाच, तेही वाईट नाही.

आता दूध. सुटे दूध असेल तर ते आधी उकळून घेतलेले असावे. पिशवीचे असेल तर थेट चालते. साय काढून टाकावी किंवा मोडून एकजीव करावी, पण तिचे तुकडे तरंगत ठेवू नयेत. म्हशीचे घट्ट दूध असेल तर चार चमचे पाणी जास्त घालावे. दूध ओतल्यावर आच मंदच ठेवावी आणि हात थांबवू नये. कडेला बारीक बुडबुडे दिसले, वाफ येऊ लागली की गॅस बंद. उसळी फुटेपर्यंत थांबायची गरज नाही, पेलाभर दूध उतू जायला डोळ्याचे पाते लवण्याइतकाच वेळ लागतो. चॉकलेटच्या वड्या घालायच्या असतील तर गॅस बंद केल्यावर घालाव्यात, उरलेल्या उष्णतेत त्या विरघळतात.

शेवटचे काम फेसाचे, आणि त्यासाठी घरातली लहान रवी काढावी. ताकासाठी घुसळतो तशी दोन तळहातांमध्ये धरून वीस-पंचवीस वेळा फिरवली की वर तपकिरी फेस चढतो. ही कल्पना कुणा हौशी गृहिणीची नाही. चॉकलेटचे मूळ घर असलेल्या मेक्सिकोत नेमकी अशीच लाकडी रवी आजही वापरतात. तिचे नाव मोलिनिल्यो. दांडा तळहातांत धरून फिरवायची पद्धतही तीच. स्पॅनिश लोक तिथे पोचल्यानंतरच्या काळात ती रूढ झाली. त्याआधी फेस काढण्याची रीत वेगळी होती. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात सातव्या-आठव्या शतकातले माया संस्कृतीचे एक रंगवलेले भांडे आहे. त्यावर एक स्त्री उभी राहून उंचावरून एका भांड्यातले पेय खाली ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात ओतताना दाखवली आहे. उडुपी हॉटेलात पेल्यातून वाटीत कॉफी ओतणारा माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. ज्याच्याकडे रवी नाही, त्यानेही हाच उपाय करावा: दोन पेले घ्यावेत आणि चार वेळा उंचावरून खालीवर करावे.

त्या लोकांच्या पेयात दूधही नव्हते आणि साखरही नव्हती. भाजलेला कोको, पाणी, कधी मका, कधी मिरची. कोको दळायचा तो ‘मेताते’ नावाच्या उतरत्या दगडावर, गुडघे टेकून बसून, पाट्या-वरवंट्यासारखाच. दगडाखाली विस्तव ठेवला की चरबी वितळून लेप सैल होई. साखर आणि दालचिनी त्यात शिरली ती स्पॅनिशांच्या हातून. मग हे पेय स्पेनला गेले आणि तिथे त्याने एक वेगळाच वाद उभा केला.

कॅथलिक उपवासाच्या नियमात ठरावीक जेवणाखेरीज खाणे वर्ज्य होते, पाण्यासारखे पेय चालत असे. मग चॉकलेट हे पेय की अन्न? ते पिऊन उपवास मोडतो की नाही? १६३६ साली माद्रिदमध्ये आंतोनियो दे लेओन पिनेलो या विद्वानाने या एकाच प्रश्नावर अख्खे पुस्तक छापले. पुढे १६६०च्या दशकात रोममधले कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी लॅटिनमध्ये लिहून चॉकलेटला पेयाच्या बाजूने उभे केले. दरम्यान टॉमस गेज या इंग्रज धर्मगुरूने आपल्या प्रवासवर्णनात मेक्सिकोतल्या चियापासची एक गोष्ट सांगून ठेवली. तिथल्या बायका प्रार्थना चालू असताना चर्चमध्ये दासींकरवी चॉकलेट मागवत. बिशपने बंदी घातली, तर बायकांनी त्या चर्चमध्ये येणेच सोडले. पुढे बिशप आजारी पडून वारला आणि गावात कुजबुज झाली की त्याला चॉकलेटच्याच पेल्यातून विष दिले गेले. खरेखोटे गेजलाच ठाऊक.

रोज्यात असा वाद उद्भवत नाही. पहाट फुटली की सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही वर्ज्य, तिथे पेय की अन्न हा प्रश्नच शिल्लक राहत नाही. पण उपवासाला कोथिंबीर चालते का, भेंडी चालते का, यावर दोन घरांत दोन उत्तरे असलेल्या महाराष्ट्रातल्या वाचकाला माद्रिदचे ते पुस्तक परके वाटू नये.

साखर नको असेल तर रमजानमध्ये खजूर घरात असतोच. तीन मऊ खजूर बिया काढून रात्री दोन चमचे गरम पाण्यात भिजत घालावेत. इथेही एकाच पेल्याची अडचण आडवी येते. तीन खजूर मिक्सरच्या भांड्यात टाकले तर ते पात्याखाली येतच नाहीत, कडेला चिकटून बसतात. त्यापेक्षा चहाच्या गाळणीतून चमच्याने दाबून गर काढावा, साल वर राहते. हा गर कोकोच्या लेपातच घोटून टाकावा. गूळ घालायचा तर तो शेवटी, गॅस बंद केल्यावर. गुळाच्या चहात दूध कसे फाटते ते सगळ्यांना माहीत आहे. वेलदोडा एखादाच, दालचिनी नखाएवढी. जायफळाचा मोह टाळलेला बरा, एका पेल्यात ते फार लवकर वरचढ होते.

हे पेय म्हणजे पूर्ण सहरी नव्हे. सोबत चपाती, उकडलेले अंडे किंवा मूठभर शेंगदाणे असावेत, आणि वरून पाणी भरपूर प्यावे. कोकोत कॅफिन असते, पण एवढ्या मापात ते कडक चहापेक्षा सहसा कमीच. मधुमेह असलेल्यांनी रोजे आणि त्यातले खाणेपिणे, दोन्ही डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

वसतिगृहातल्या मुलांनी किटलीत दूध उकळायच्या फंदात पडू नये. ते तळाला करपते, उतू जाते आणि दुसऱ्या दिवसापासून चहाच्या पाण्यालाही तोच वास येतो. किटलीत फक्त पाणी तापवावे. मगमध्ये कोको आणि साखरेचा लेप घोटावा, त्यातच तीन मोठे चमचे दूध पावडर घोटून घ्यावी आणि मग उकळते पाणी थोडे थोडे घालत मग भरावा. स्टार्च फुलवणारी उकळी इथे मिळत नाही, म्हणून मगवर दोन मिनिटे बशी झाकावी. रात्रपाळीच्या परिचारिकेला तर हाच मार्ग सोयीचा आहे, कारण कोरडे मिश्रण डबीत घालून पर्समध्ये जाते आणि दवाखान्यात गरम पाणी कुठे ना कुठे मिळतेच.

आणि घरी एकट्या असणाऱ्या आईसाठी तिच्या मुलीने करण्यासारखी एक गोष्ट आहे. पहाटे साडेचारला चार चमचे आणि तीन चमचे मोजत बसण्याचाच कंटाळा येतो. चष्मा सापडत नाही, डब्याचे झाकण निघत नाही, आणि ‘जाऊ दे, चहाच टाकते’ असे होते. तेव्हा रमजानच्या आधीच्या रविवारी माहेरी जाऊन, नाही जमले तर सासरच्या ओट्यावर बसून, मुलीने पुड्या बांधून ठेवाव्यात. वैद्याकडच्या पुड्यांसारख्या, कागदाच्या किंवा छोट्या प्लॅस्टिकच्या. प्रत्येकीत १० ग्रॅम कोको, १२ ग्रॅम साखर, अर्धी चिमूट मीठ. महिन्याला ३०० ग्रॅम कोको आणि ३६० ग्रॅम साखर लागते. कोरड्या बरणीत त्या सहज टिकतात. आईने पहाटे फक्त एक पुडी फोडायची, घोटायची आणि दूध घालायचे. शिवाय मुलीला फोनवर ‘सहरी केलीस का?’ असे विचारून ‘हो हो’ ऐकून घ्यावे लागत नाही. किती पुड्या उरल्या एवढे विचारले की पुरते.

महिना २९ दिवसांचा निघाला तर एक पुडी शिल्लक राहील. ईदच्या सकाळी शीरखुर्मा असतो, तेव्हा तिची गरज नाही. ती कुणाची, यावरून सुट्टीला आलेल्या नातवंडांत तंटा होईल, तो होऊ द्यावा.